लाखोळीचे अकरा दाणे

संपादकांनी फोनवर सांगितलं, तुमच्या नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं. मी हो म्हटलं. गमती दोन आहेत, त्या आधी देऊन टाकतो. त्यापुढचं छापायचं असेल तर छापावं, नसेल तर गमतींवर थांबावं. माझी तक्रार राहणार नाही.

माझी नोकरी काय होती हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. मी मोहाडीच्या कोष्ट्याच्या घरातला. वडिलांचा हातमाग बंद पडला त्या वर्षी मी भंडाऱ्याला समाजशास्त्रात एम. ए. करत होतो. प्राध्यापक व्हायचं होतं, ते जमलं नाही. मग प्राध्यापक ज्यांच्या पायांवर पुस्तकं लिहितात त्या मंडळींत जाऊन बसलो. आम्हाला अन्वेषक म्हणतात. फॉर्म घेऊन घरोघरी जायचं, विचारायचं, लिहायचं आणि संस्थेत नेऊन द्यायचं. तिथे त्याची कोष्टकं होतात, कोष्टकांचे लेख होतात आणि लेखांवर चर्चासत्रं होतात. विषय बहुतेक वेळा एकच, विषमता. जातीची, जमिनीची, बायाबापड्यांची. अशी तीस वर्षं काढली, सगळी कंत्राटावर. प्रकल्प संपला की आम्हीही संपायचो, नवा आला की पुन्हा उगवायचो.

गावात शिरलो की लोक मला जनगणनेवाला समजत, नाहीतर रेशनवाला, नाहीतर विमेवाला. एका गावात मी नसबंदीवाला आहे अशी हूल उठली आणि एका टोलीतले, म्हणजे वस्तीतले, सगळे पुरुष दिवसभर जंगलात जाऊन बसले. त्या दिवशी मी फक्त बायकांचे फॉर्म भरले. संस्थेतले आमचे प्रकल्पप्रमुख, म्हणजे सर, खूश झाले, कारण बायकांची उत्तरं नेहमी कमी पडतात.

या धंद्यात अक्कल लागते, हे कोणी मान्य करत नाही. उत्पन्न किती असं कधी विचारायचं नाही, कारण खरं कोणी सांगत नाही. घरचा धान कोणत्या महिन्यापर्यंत पुरतो असं घरच्या बाईला विचारायचं. ती सांगते तो महिना खरा. जातीचा भेद पाळता का, हा प्रश्न तर केवळ फॉर्मवर छापण्यापुरता असतो. पाळतो असं आजवर मला एकाही माणसाने सांगितलेलं नाही. लग्नात कोणाची पंगत कधी बसते ते विचारायचं. आणि चहा झाल्यावर कोणाचा कप कुठे ठेवला जातो ते विचारायचंच नाही, नुसतं बघायचं. यात माझा हात धरणारा अख्ख्या विदर्भात कोणी नव्हता असं सर म्हणायचे. मला ते आवडायचं.

आता गमती. जवाहरनगरच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये एका साहेबांची मुलाखत होती. फॅक्टरीत सगळे सारखे, इथे जातपात काही नाही, असं त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत तीनदा सांगितलं. मी तसं लिहून घेतलं. मग त्यांनी माझं आडनाव विचारलं. माझं आडनाव असं आहे की त्यावरून नक्की काही कळत नाही. त्यांनी गाव विचारलं, मग वडिलांचा धंदा, मग आईचं माहेर. आईच्या माहेरावर त्यांचं समाधान झालं आणि त्यांनी बायकोला हाक मारून पोहे आणायला सांगितले. पोहे चांगले होते. मी सगळे खाल्ले.

दुसरी चिखल्याची. खाणीतल्या ठेकेदारीवरच्या मजुरांचा अभ्यास होता. मॅंगनीजने बोटं काळी झालेला एक माणूस माझ्या प्रत्येक प्रश्नाला "बरं आहे" एवढंच म्हणत होता. घर कसं, बरं आहे. दवाखाना, बरं आहे. शेवटी त्याने फॉर्म माझ्या हातातून घेऊन खालीवर पाहिला आणि विचारलं, "साहेब, तुमी परमनंट आहा का?" मी म्हटलं, नाही, मी पण ठेक्यावरच. तो पहिल्यांदा हसला. "मंग पयलेच सांगाचं ना गा," म्हणाला, आणि त्याने सगळी उत्तरं नव्याने दिली. एकही बरं नव्हतं.

गमती संपल्या.

ज्या गावाबद्दल लिहायचं आहे ते सिहोऱ्याच्या बाजूला आहे. सरांच्या लेखात त्याचं नाव तलावपूर आहे. आमच्या शास्त्रात गावाचं आणि माणसांचं खरं नाव छापत नाहीत, बोलणाऱ्याला पुढे त्रास होऊ नये म्हणून. नियम चांगला आहे. मी तीस वर्षं पाळला, इथेही गावापुरता पाळतो. गोष्ट जिची आहे तिला सरांनी कमला हे नाव दिलं होतं, म्हणून सध्या तिला कमलाबाई म्हणतो.

त्या काळात गावाचा नकाशा गावाकडूनच काढून घ्यायची पद्धत नवी आली होती. बाहेरच्या माणसाने कागदावर काढलेला नकाशा त्याच्या डोक्यातला असतो, गावाने काढलेला गावाच्या डोक्यातला. म्हणून देवळासमोर किंवा शाळेसमोर जागा झाडून घ्यायची, रांगोळी द्यायची आणि लोकांना म्हणायचं, काढा तुमचं गाव. घरं दाखवायला बिया. आम्ही पक्क्या घराला चिचोका आणि मातीच्या घराला लाखोळीचा दाणा धरला होता. धान कापल्यावर त्या भागात बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, लाखोळीची डाळच पेरतात, त्यामुळे दाण्यांना तोटा नव्हता. सगळ्यांत मोठा नियम आम्हा लोकांसाठी होता. नकाशा चालू असताना अन्वेषकाने बोलायचं नाही, सुचवायचं नाही, रांगोळीला हात लावायचा नाही. प्रशिक्षणात आम्हाला हात पाठीमागे बांधून उभं राहायला शिकवलं होतं, अगदी शाळेतल्यासारखं. मोह होऊ नये म्हणून.

आदल्या दिवशी मी गाव पायी फिरलो होतो. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, ओलांडून पलीकडे उतरलं की बौद्धांची टोली होती, अकरा घरं. दोन पिढ्यांपासूनची. रोवणीला आणि कापणीला गावातली निम्मी माणसं तिथूनच यायची, आणि एका घरचा पोरगा जवाहरनगरला फॅक्टरीत होता. उतरल्याबरोबर पहिलं घर कमलाबाईचं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, रोजीवर जायची. भिंत पावसाने खाल्लेली होती आणि तिला बांबूचा टेका दिला होता. तिने मला पाटावर बसवून पाणी दिलं. मी प्यायलो, आणि प्यायलो याची वहीत नोंदही केली. किती उदार होतो बघा.

दुसऱ्या दिवशी देवळासमोरच्या सिमेंटच्या अंगणात नकाशा सुरू झाला. म्हातारे सांगत होते, बाया काढत होत्या. आधी देऊळ झालं, मग पाटलांचा वाडा, शाळा, दोन गल्ल्या, किराणा दुकान, पिठाची गिरणी. निळ्या रांगोळीने तलाव भरला, तपकिरीने त्याची पाळ ओढली. पाळ ओढून झाली आणि अंगण संपलं. पलीकडे कच्ची माती होती, तिथे कोंबड्या चरत होत्या.

कमलाबाई कडेला उभी होती. डोक्यावर काड्यांचा भारा तसाच. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "अना आमी कोठी आहो?"

माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने मागे न बघताच सांगितलं, "तुमी त पाळीखाली आहा ना वो. इथं जागाच सरली, कोठी दाखवाचं?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की प्रश्न जागेचा आहे. अंगण दहा फूट पुढे असतं तर त्याने कदाचित टोली काढली असती, कदाचित देऊळ आणखी मोठं काढलं असतं. कमलाबाईने भारा खाली ठेवला. बियांच्या पत्रावळीतून मूठभर लाखोळी उचलली आणि मूठ माझ्यापुढे धरली.

"तुमी मांडा ना, भाऊ. तुमी त काल आले होते आमच्याकडं."

माझे हात पाठीमागे होते. ते मी तसेच ठेवले. हे लोकांनीच काढायचं असतं, असं काहीतरी मी पुटपुटलो. माझ्या आवाजाची मला आजही लाज वाटते, कारण तो फार गोड होता.

तिने मग स्वतःच अंगणाच्या बाहेर मातीत दाणे मांडले. एकेक नाव घेत अकरा दाणे, वाकड्या ओळीत. मी फोटो काढला. फोटो काढायला हात पुढे चालतात. ती भारा उचलून गेली. थोड्या वेळात कोंबड्या आल्या आणि त्यांनी दाणे टिपले. नकाशा मोठ्या कागदावर उतरवून घ्यायचं काम माझं होतं. नियम असा की जमिनीवर जसा आहे तसाच उतरवायचा, काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. मी उतरवू लागलो तेव्हा पाळीपलीकडे जमिनीवर काही नव्हतं. मी तसाच उतरवला.

संस्थेत जाऊन सरांना सांगितलं की अकरा घरं सुटली आहेत, पुन्हा जाऊन घालून येतो. सरांनी फोटो पाहिला आणि खुर्चीतून उठले. म्हणाले, अजिबात हात लावू नकोस, गावाने त्यांना नकाशातून वगळलं, हेच तर आपलं फलित आहे, तू भरलंस तर पुरावा गेला. मला त्यांचं म्हणणं पटलं. आज वाटतं की नुसतं पटलं नव्हतं, बरं वाटलं होतं. मी अंगणात जे केलं नाही त्याला एक मोठं नाव मिळालं होतं.

लेख इंग्रजीत आला आणि गाजला. नागपूरला त्यावर चर्चासत्र झालं, तेव्हा नावनोंदणीच्या टेबलावर मी होतो. भिंतीवर तो फोटो एवढा मोठा पडला होता की एकेक दाणा कलिंगडाएवढा दिसत होता. एक विद्वान म्हणाले, हा बहिष्कार आहे. दुसऱ्या बाई म्हणाल्या, नाही, बाहेर दाणे मांडणं हा प्रतिकार आहे, तुम्ही त्या स्त्रीची कर्तृत्वशक्ती नाकारता. तिसऱ्यांनी विचारलं की त्या टोलीत एक फॅक्टरीतला नोकरदारही आहे, मग ही विषमता जातीची धरायची की वर्गाची? जेवणाची वेळ टळून गेली तरी वाद चालला होता. दोन्ही बाजू मनापासून बोलत होत्या, हे मला कबूल केलं पाहिजे. त्या घरांचं पुढे काय झालं, हे कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, माईक तर माझ्या जवळच होता.

पुढे काय झालं ते असं. नकाशाची एक प्रत आम्ही गावाला भेट दिली होती, गावाचं ते गावाला परत म्हणून. पंचायतीने ती ऑइलपेंटने भिंतीवर रंगवून घेतली. काम सुबक झालं. मग कोणाला तरी सुचलं की नकाशा आयताच आहे, तर घरांना नंबर टाकावेत. नंबर टाकले. ते नंबर रजिस्टरात चढले. काही वर्षांनी घरकुलं आली आणि अर्जावर पहिलाच रकाना घर क्रमांकाचा होता. पाळीखाली नंबर नव्हते. ती जागा तलावाची आहे, तिथे घरंच नाहीत, हे भिंतीवर बघा ना, असं टोलीतल्यांना सांगितलं गेलं. भिंतीवर खरंच नव्हती.

हे मला कळलं ते आठ-नऊ वर्षांनी, दुसऱ्या एका सर्वेक्षणासाठी त्याच गावात गेलो तेव्हा. पाळ उतरलो तर कमलाबाई दारात सूप घेऊन बसली होती. भिंतीला आता दोन टेके होते. तिने डोळे बारीक केले.

"तुमी तेच ना, हात मांगं बांधून उभे होते?"

मी घाईघाईने सांगितलं की तुमच्यावर पुस्तकात लिहून आलंय, परदेशात लोक वाचतात. लेखाची प्रत माझ्या पिशवीत असायची, दुसऱ्या प्रकल्पांत दाखवायला बरी पडे. मी तिला फोटो दाखवला. तिने दाण्यांवर बोट ठेवून बरोबर अकराही घरं सांगितली. मग खालचं वाचायला लावलं. मी मराठी करून वाचलं.

"कमला कोन?" तिने विचारलं.

"तुमीच, मावशी. नाव बदलवा लागते. तुमाले तरास होऊ नये म्हून."

"कायचा तरास?"

तिचं लक्ष उत्तराकडे नव्हतंच. ती उठली, लुगड्याला हात पुसले आणि म्हणाली की हा कागद पंचायतीत दाखवू, छापलेला आहे, आता ते नाही कसं म्हणतील. तिच्या चेहऱ्यावर एवढी उमेद होती की मला थांबवता आलं नाही. आम्ही दोघं गेलो.

ग्रामसेवक भला माणूस होता. त्याने प्रत पूर्ण चाळली, फोटो निरखला. मग मलाच खुर्चीजवळ बोलावून हळू आवाजात म्हणाला, "साहेब, याच्यात गाव तलावपूर लिवून आहे. असं गाव आपल्या जिल्ह्यात नाही. अन बाईचं नाव कमला. यांच्या आधार कार्डावर वेगळं नाव आहे. मी कायले काय लावू?" वर्षानुवर्षं आम्ही ज्या नियमाचा अभिमान बाळगला तो असा टेबलावर पडला होता. ती घरं तिथे होती आणि गावाने ती गाळली, याचा जगातला एकमेव छापील पुरावा त्या कागदावर होता, आणि आम्हीच तो कोणाच्या उपयोगाचा ठेवला नव्हता.

ग्रामसेवकानेच वाट काढली. म्हणाला, तुम्ही स्वतः लिहून द्या, त्या दिवशी मी ही घरं डोळ्यांनी पाहिली, मोजली, नकाशात सुटली. खाली सही करा. मी वरिष्ठांकडे पाठवतो.

एका सहीचं काम होतं. पण संस्थेत रुजू होताना गोपनीयतेच्या कागदावर माझी आधीच एक सही होती, आणि पुढच्या प्रकल्पासाठी कोणाकोणाला घ्यायचं ते त्याच महिन्यात ठरत होतं. मी म्हटलं, सरांना विचारतो. कमलाबाई पायरीवर बसून ऐकत होती. "विचारून घ्या," म्हणाली. सरांना पत्र लिहिलं. उत्तर लगेच आलं, प्रेमळ होतं. मुलाखत देणाऱ्यांची ओळख उघड करणं हा त्यांचा विश्वासघात ठरेल, त्यांच्या सुरक्षिततेचा विचार आपणच करायला हवा, असं लिहिलं होतं. ते पत्र घेऊन मी त्या गावात गेलो नाही. पुढचा प्रकल्प मला मिळाला. विषय होता, वंचितांपर्यंत योजना का पोचत नाहीत.

गेल्या वर्षी मी थांबलो. आता मला कोणी घेणार नाही आणि काढणारही नाही. निरोप समारंभ नव्हता, कंत्राटी माणसाला तो नसतो. यंदा उन्हाळ्यात मी घरी बसून दोन पानं लिहिली, अकराही घरांची नावं घातली, सही केली आणि तलावपूरला गेलो. पंचायतीत आता एक तरुण ग्रामसेविका आहे. तिने कागद वाचला, पोचशिक्का दिला आणि सांगितलं की घरकुलांची सध्याची यादी बंद झालीय, पुढची निघाली तर बघू. भिंतीवरचा नकाशा अजून आहे. मध्ये एकदा रंग उजळलेला दिसतो.

पोचीची प्रत घेऊन पाळ उतरलो. पहिल्या घराची भिंत नाही. त्या जागी टिनाचे चार पत्रे उभे केले आहेत आणि कमलाबाई त्यात राहते. कंबरेत वाकली आहे. मी कागद दिला, सगळं सांगितलं, सरांच्या पत्रासकट. त्या वेळी पंचायतीत एक सही केली असती तर भिंत कदाचित उभी असती, हेही बोलून टाकलं. माफी मागितली. तिने शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि माझ्या हातांकडे पाहिलं.

"आता सुटले का हात तुमचे?"

मग तिने उठून पाणी दिलं, मी प्यायलो. निघताना मी सांगितलं की दिवाळी अंकात लिहून मागितलं आहे, ही हकीगत लिहीन म्हणतो. नियमाप्रमाणे नावं बदलेन, असं सवयीने तोंडातून गेलंच. तेव्हा तिने मान वर केली.

"गावाचं नाव खोटंच राहू द्या. गावानं कोठी माहं लिवलं? पन माहं नाव बदलू नोका."

सायत्राबाई दसरू मेश्राम. तलावाच्या पाळीखाली, उतरल्याबरोबर उजव्या हाताचं पहिलं घर.